डाक्टर काय म्हणून राहिला

आमचे घरमालक माणसांशी भांडत नसत. ते वस्तूंशी भांडत. मी लाखनीला इंग्रजीची शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं. पेपर तपासायला मी दिवसाउजेडीही दिवा लावून बसायची. ते अंगणात येऊन उभे राहत, माझ्याकडे पाठ करत आणि खिडकीतून दिसणाऱ्या बल्बाला म्हणत, "काय रे, तुलेच मास्तरकी लागली काय? सूर्य कायले ठेवला मग देवानं?" मी मुकाट्याने दिवा मालवत असे. मग ते वळून माझ्याशी अगदी गोड बोलत. "काय म्हणता बाई, जेवण झालं?"

शेजाऱ्याने नेलेली शिडी परत केली नाही, तेव्हा ते शिडीच्या रिकाम्या जागेशी बोलले. उधळलेल्या म्हशीने कुंपण मोडलं, तेव्हा म्हशीचा मालक समोर उभा असताना त्यांनी सगळं म्हशीलाच सुनावलं आणि मालकाला चहा पाजला. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, मीही म्हणायची. हायवेला लागून त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने कापड फेकून "हे काय पोतं दाखवता?" म्हटलं, की काकाजी "बरोबर आहे जी" म्हणायचे, आणि गिऱ्हाईक गेल्यावर लाकडी मीटरपट्टी घेऊन त्या कापडाच्या गठ्ठ्याला समजावत बसायचे की तू पोतं नाहीस, मनाला लावून घेऊ नकोस.

त्यांच्या पत्नीला आम्ही काकीजी म्हणत असू. काकीजी दिवसाचे बारा तास सूप घेऊन तांदूळ पाखडत. नवऱ्याबद्दलचं त्यांचं मत ठाम होतं, पण ते त्या सुपाच्या तालावर, दोन फटकाऱ्यांच्या मधेच देत.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ असेल. नागपूरचं केंद्र दिसायला लागलं, आणि काकाजींनी आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही आणला. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, सरकत्या शटरचा. छपरावर बांबूला अँटेना बांधला. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग एकजण वर चढून बांबू फिरवायचा आणि खालचे ओरडायचे, "आला, आला, गेला, वापस फिरव." गल्लीतल्या सगळ्यांना टीव्ही मोकळा होता. नियम दोनच: पाय धुऊन यायचं आणि चपला भिंतीशी ओळीने लावायच्या. हे नियमही काकाजींनी कोणाला सांगितले नव्हते. त्यांनी ते उंबरठ्याला सांगितले, मोठ्या आवाजात, सगळे ऐकत असताना.

त्या हंगामात अचाट शक्तीच्या माणसांच्या विलायती मालिकांचं पेवच फुटलं होतं. एक बाई भिंतीतून आरपार जायची. एका म्हाताऱ्याचा एक हात लोखंडाचा होता. पण आमच्या गल्लीचा जीव जडला तो रविवारी सकाळच्या मालिकेवर. तिचा नायक दिवसा दातांचा डॉक्टर, आणि कोणी संकटात सापडलं की चांदीच्या रंगाचा मुखवटा चढवून या इमारतीवरून त्या इमारतीवर झेप घेणारा. आमच्याकडे त्याचं नाव पडलं डाक्टर.

अडचण एकच होती. डाक्टर इंग्रजी बोलायचा.

पहिल्या रविवारी ओसरीपर्यंत माणसं दाटली होती. डाक्टर गच्चीच्या काठावर उभा राहून खालच्या दरोडेखोराला काहीतरी लांबलचक सुनावत होता. मग एका म्हातारीने विचारलं, "काकाजी, काय म्हणून राहिला जी तो?"

काकाजींच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. तरुणपणी ते नागपूरला एका कापडाच्या कोठारात नोकरीला होते आणि तिथे एक इंग्रजी बोलणारे साहेब होते, हे गल्लीला पाठ होतं. त्या साहेबाकडून काकाजींनी किती इंग्रजी उचललं असेल, याचा मला पुढे अंदाज आला: यस, कम, गेट आउट, आणि कापडातले डॅमेज नि फास्ट कलर. पण विचारणारीने विश्वासाने विचारलं होतं. काकाजी उठले, अंगणात जाऊन थुंकून आले, मीटरपट्टी हातात घेतली आणि पडद्याजवळ उभे राहिले.

"तो म्हणून राहिला," ते म्हणाले, "का दुसऱ्याची वस्तू नेली तर वापस आणून द्यावी. शिडी असो का काही असो."

डाक्टर प्रत्यक्षात म्हणत होता की पोलीस येत आहेत, बंदूक खाली टाक. मी मागे बसले होते. बाहेर पडून मी बोलणार, तोवर शिडी परत आलेली होती.

तेव्हापासून रविवार काकाजींचा झाला. ते पट्टीने एकेक माणूस दाखवत आणि त्याच्या तोंडी शब्द घालत. गोष्ट त्यांची स्वतःची असे आणि ती मूळ गोष्टीपेक्षा बरीच बरी असे, हे मला मान्य केलंच पाहिजे. मूळ मालिकेत गुंड बँका लुटायचे. काकाजींच्या मालिकेत ते रेशनच्या साखरेत रेती मिसळायचे, लग्नाच्या पंगतीत आपल्या माणसांना दोनदा वाढायचे, आणि बाजारच्या दिवशी दुसऱ्याच्या दुकानासमोर बैलबंडी सोडून जायचे. डाक्टर त्यांना झेप घेऊन पकडायचा आणि उलटं टांगून समजावायचा. समजावणं लांबलं आणि पडद्यावर डाक्टरचं तोंड मिटलेलं असलं, तर काकाजी म्हणत, "आता मनात बोलून राहिला." खर्रा तोंडात असताना कोणी घाईचा प्रश्न विचारला, तर ते नुसतं हुंकारत आणि पट्टी अशी फिरवत की लोक आपापल्या मगदुराप्रमाणे अर्थ काढून मोकळे होत.

एकदा मी धीर करून म्हटलं, "काकाजी, तो काल असं म्हणाला नव्हता."

"शब्द नव्हते तसे," ते शांतपणे म्हणाले. "पण बाई, तुम्ही वरचं वरचं पाहता. कापडाची घडी असते ना, असल माल अंदरच्या पदराले असते."

काकीजींनी सूप झटकलं. "यायले इंग्रजी येते?" त्या मला म्हणाल्या. "यायले घरात मराठीत बोलता येत नाही."

मी गप्प बसायचं ठरवलं. त्यात फार मोठा विचार नव्हता. गल्लीतला कचरा उचलला जात होता, म्हशी बांधल्या जात होत्या, आणि आमच्या शाळेतल्या मुली एरवी इंग्रजीच्या तासाला झोपत, त्या आता इंग्रजीत एवढं सगळं असतं तर शिकायला पाहिजे, असं म्हणायला लागल्या होत्या.

यमुनाबाई दाराच्या चौकटीला टेकून बसायची, कधी आत येत नसे. शेजारच्याच गल्लीतली, तिशीची बाई. आदल्या वर्षी तिचा नवरा गेला होता. एक लहान मुलगी, बिड्या वळायचं काम, आणि तलावाखालची थोडी धानाची जमीन. नवऱ्याच्या मागे जमिनीला तिचं नाव लागलं होतं आणि तेच तिच्या भासऱ्याला, म्हणजे मोठ्या दिराला, खुपत होतं. भासरा म्हणजे गावातले राईस मिलवाले. गावात मान, हायवेवर दोन ट्रक, घरात माणसांची ये-जा. ते यमुनाबाईला सांगत होते की बाईमाणसाच्याने शेती होत नाही, तू हक्क सोडल्याची सही करून दे, तुझं आणि पोरीचं पोट मी पाहीन. गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं. सगळ्यांना हेही माहीत होतं की सही झाल्यावर कोण कोणाचं पोट पाहतं. पण मिलवाल्यांशी बोलणार कोण? त्यांच्याकडच्या लग्नांचं सगळं कापड काकाजींच्या दुकानातून जायचं. ते दुकानात आले की काकाजी स्वतः उठून गादी झटकत.

मग एका रविवारी मालिकेत एक बाई आली. गुंडांनी तिला खुर्चीला बांधून ठेवलं होतं आणि तिच्या समोर कसलंसं यंत्र ठेवून ते तिला दम देत होते. डाक्टर खिडकीतून आत आला आणि ओरडला. तो ओरडला ते एका गुंडाला, की त्या लाल वायरला हात लावू नकोस.

काकाजींनी पट्टी पडद्यावर टेकवली. "तो म्हणून राहिला, बाई, सही करू नको. ते गोड बोलतील, पोरीचं पाहतो म्हणतील. तरी करू नको. जमीन तुझी आहे, तुझ्या नावावर राहू दे."

मी दाराकडे पाहिलं. यमुनाबाई पदर तोंडाशी धरून पडद्याकडे बघत होती.

पुढचे काही रविवार डाक्टर दुसरं काही बोललाच नाही. तो समुद्रात पडला तरी सही करू नको म्हणाला, विमानाला लटकला तरी म्हणाला. एका भागात तो नुसता कोणाचा तरी दात काढत होता, तेव्हाही काकाजींनी त्याच्या तोंडून तहसीलचा रस्ता कसा टाळावा हे वदवून घेतलं. आणि तहसीलला जायचा दिवस ठरलेला असताना, मिलवाल्यांची जीप दारात उभी असताना, यमुनाबाई घरातून बाहेर आली नाही. आतून कडी लावून तिने मुलीकडून निरोप दिला: डाक्टर नाही म्हणते.

मिलवाल्यांना आधी वाटलं सरकारी दवाखान्यातला डॉक्टर. त्याला ते जाऊन बोलूनही आले, बिचाऱ्याला काही पत्ता नव्हता. मग त्यांना खरा प्रकार कळला.

पुढच्या रविवारी मालिका सुरू झाल्यावर ते आले. पाय न धुता, चपला घालून. लोकांनी सरकून जागा केली. ते बसले नाहीत.

"आवाज कमी करा जी."

कोणीतरी बटण फिरवलं. पडद्यावर डाक्टर मुक्याने धावत राहिला.

"काकाजी, आमच्या घरच्या गोष्टीत हा विलायती माणूस काय सांगून राहिला म्हणे?"

काकाजींच्या हातात पट्टी होती, तोंडात खर्रा होता. मिलवाल्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "बाई, तुम्ही इंग्रजीच्या मास्तरीण. तुम्ही होत्या ना इथं? मग साऱ्यायसमोर सांगा. त्या डाक्टरनं सही करू नको म्हटलं काय?"

खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त ती लाल वायर होती. हो म्हणावं तर मी शिक्षिका, आणि वर्गातल्या मुली समोर बसलेल्या. नाही म्हणावं तर यमुनाबाईच्या पायाखालची जमीन मीच काढून घेतल्यासारखं. मी तोंड उघडलं, पण त्यातून काय निघणार होतं ते मला आजही माहीत नाही. कारण काकाजींनी हात वर केला, थांबा अशी खूण केली आणि ते अंगणात गेले. थुंकून, चूळ भरून परत आले.

आधी त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. मग छताकडे, मग हातातल्या पट्टीकडे. जणू यांच्यापैकी कोणाशी बोलून भागेल का, याचा अंदाज घेत होते. शेवटी ते मिलवाल्यांकडे वळले. त्यांना असं कोणाच्या तोंडाकडे बघून बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बाईले कायले विचारता जी," ते म्हणाले. "त्यानं नाही म्हटलं. मी म्हटलं. मले इंग्रजी येत नाही."

खोलीत कुजबुज झाली. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय म्हणाले? येत नाही म्हणाले काय?"

"अन् आता मराठीत सांगून राहिलो," काकाजी पुढे म्हणाले. "यमुनाबाईनं सही करू नये."

"तुमचा काय संबंध?"

"काहीच नाही जी."

"मग?"

"मग काही नाही. सांगून टाकलं."

मिलवाले हसले, पण ते हसू कोणी उचललं नाही. "ऐकलं काय," ते दारातल्या यमुनाबाईकडे पाहून म्हणाले, "खोटं होतं सारं. कापडवाल्याच्या बडबडीवर घर मोडायले निघाली होती."

भासऱ्यासमोर बाई तोंड उघडत नसे, ती तेव्हाची रीत होती. यमुनाबाईनेही ती मोडली नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती काकाजींना म्हणाली, पण अशी, की ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू जावं, "काकाजी, कोन बोललं त्याच्याशी मले काय करायचं आहे. बोलणं बरोबर वाटलं म्हणून मी थांबली. सही मी करत नाही."

मिलवाले निघाले. जाताना म्हणाले, "आता कापड साकोलीले पाहू आम्ही." आणि त्यांच्या मागे कोणीही उठलं नाही.

पडद्यावर डाक्टर अजून धावतच होता. मग त्याच पहिल्या म्हातारीने विचारलं, "काकाजी, आता काय म्हणून राहिला तो?"

"मले काय माहीत," काकाजी म्हणाले आणि मटकन खाली बसले.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी आवाज वाढवला आणि उरलेला भाग शब्दाला शब्द समजावून सांगितला. डाक्टर म्हणतो, लवकर चला. ती म्हणते, कुठे? तो म्हणतो, या बाजूला. थोड्या वेळाने दोन बायका स्वयंपाक राहिला म्हणून उठल्या. पुढच्या रविवारी एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, राग नका मानू. तुम्ही सांगता ते खरंच असेल. पण त्यात काही दम नाही." सगळ्यांनी काकाजींना गळ घातली की येत नाही तर नाही, तुम्ही आपलं आधीसारखं सांगा, आम्ही समजून घेऊ. काकाजी तयार होईनात. "आता कसं सांगू," ते म्हणाले. "आता मले माहीत आहे, का तुमाले सारं माहीत आहे." पट्टी त्यांनी दुकानात नेऊन ठेवली.

गर्दी ओसरली. पुढे हिंदी मालिका आल्या, त्यातही एक मुखवटेवाला होता, आणि तो काय बोलतो ते सगळ्यांना समजायचं. त्यामुळे त्याच्याबद्दल कोणालाच फारसं काही विचारावंसं वाटलं नाही.

यमुनाबाईची जमीन तिच्या नावावर राहिली. तिने ती एका दिघोरीकडच्या माणसाला बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दिली आणि रोवणीच्या वेळी स्वतः बांधावर उभी राहून त्याच्या चुका काढू लागली. मिलवाल्यांनी आपल्या मुलीच्या लग्नाचं कापड हट्टाने साकोलीहून आणलं. त्याचा रंग पहिल्याच पाण्यात गेला, आणि त्यांच्या बायकोने गुपचूप गडी पाठवून काकाजींकडून नवं नेलं. काकाजींनी ते बांधून देताना त्या विटलेल्या कापडाबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त दुकानातल्या गठ्ठ्याला म्हणाले, "पाह्य बा, तुले पोतं म्हणत होते."

त्या रविवारी ते शूर झाले म्हणून कायमचे शूर झाले, असं काही नाही. दुसऱ्याच दिवशी ते माझ्या बल्बाशी बोलत होते. मी म्हटलं, "काकाजी, आता तरी मला सरळ सांगा." ते दचकून म्हणाले, "एकदा तोंडावर बोलून झालं ना. माणूस काय जन्मभर तेच करत राहते काय?" त्या प्रसंगाची गोष्ट मात्र ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. सांगता सांगता मिलवाल्यांबरोबर चार माणसं आली, त्यांच्या हातात काठ्या आल्या, आणि मी एका कोपऱ्यात रडायला लागले. काकीजी एकदा म्हणाल्या, "पुढच्या बाजारापर्यंत हे उडतीलही."

मग एक दिवस काकाजी पाटी घेऊन माझ्या दारात आले. "मले इंग्रजी शिकवा," ते म्हणाले. "पाहू तर द्या, तो काय बोलत होता इतके दिवस."

साठीला टेकलेला तो विद्यार्थी फार हट्टी निघाला. क्रियापदं त्यांना आवडत नसत. ते त्यांचा काळ मान्य करत नसत. पण दुकान बंद करून ते रोज येत, आणि हळूहळू कानावर पडलेलं एखादं वाक्य त्यांना लागायला लागलं. मोठ्याने वाचताना ते एकेका शब्दावर थांबत आणि कापडासारखा तो बोटांनी चाचपत, टिकेल का पाहिल्यासारखं.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी टीव्हीवर डाक्टरची मालिका पुन्हा लागली. खोलीत आम्ही तिघंच होतो. काकाजी पडद्याच्या अगदी जवळ बसले, काकीजी सूप घेऊन भिंतीशी. डाक्टरने जळत्या घरातून एका बाईला बाहेर आणलं, जमिनीवर ठेवलं, मुखवटा सरळ केला आणि विचारलं, "आर यू ऑल राइट?"

मी बोलणार होते. काकाजींनी हाताने मला अडवलं. ओठ हलवत त्यांनी ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं, आणि मग चेहरा उजळून ते काकीजींकडे वळले. "तो विचारून राहिला, तू बरी आहे काय."

काकीजींचं सूप थांबलं. "मग? ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली, हो."

"मग?"

"मग तो म्हणाला, बरं."

काकीजी वाट पाहत राहिल्या. काकाजीही पाहत राहिले. डाक्टरने झेप घेतली आणि तो इमारतींच्या मागे दिसेनासा झाला. नावं वर सरकू लागली.

"एवढंच?" काकाजींनी मला विचारलं.

"एवढंच, काकाजी."

"आधीही एवढंच बोलत होता?"

"हो. बहुतेक वेळा."

काकाजी उठले, टीव्ही बंद केला, पेटीचं शटर ओढलं. "एवढ्या ताकदीचा माणूस," ते म्हणाले, "अन् बोलाले काहीच नाही जवळ." दाराशी जाऊन त्यांनी चपला घातल्या, दुकानाच्या किल्ल्या घेतल्या. "मग मी बोललो तेच बरं झालं," ते म्हणाले, आणि दुकान उघडायला निघून गेले.